हार्बरफ्रंटला वाजलेला बँजो

उज्ज्वल वाहुळे सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला राहायचा आणि चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. २००४ साली हार्बरफ्रंटजवळच्या एका बारबाहेर ‘बँजो’ असा बोर्ड दिसला आणि तो आत शिरला. अकोल्यात त्याचे थोरले भाऊ दादाराव भीमजयंतीच्या मिरवणुकीत बँजो वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायच्या, असा तो बँजो. इथला निघाला भलताच, डफाला लांब मान फुटावी तसा. वी नावाचा चिनी गृहस्थ तो असा सुसाट वाजवत होता की उज्ज्वलची बिअर तशीच राहिली. हे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं संगीत, याला ब्लूग्रास म्हणतात, हेही त्याला वीनेच सांगितलं.

मग तो दर शुक्रवारी जाऊ लागला. एकदा त्याने फोनवर दादारावांनाही ऐकवलं.

“बँजो नोय हा, तुणतुण्याचं पोट्टं हाय बे!” दादाराव खदखदून हसले.

पुढच्या वर्षी तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने त्यांची जीभ खाल्ली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, बोलणं गेलं. जरा बरे झाल्यावर उज्ज्वलने त्यांना सिंगापूरला आणलं. बॅगेत कपडे कमी आणि बँजोच मोठा.

तोवर वीचा बँडही बदलत चालला होता. आधी एरहू हे दोन तारांचं चिनी वाद्य आलं, मग मलय ढोल. “हे कसलं ब्लूग्रास?” म्हणत जुने श्रोते गळाले. उज्ज्वलची गोडी मात्र वाढलीच.

“अंकल, तुम्हीही बसा ना,” एका शुक्रवारी बँजो घेऊन सोबत आलेल्या दादारावांना वी म्हणाला.

दादारावांनी जयंतीची चाल धरली. ढोल मागे आला, वी मागे आला. दादारावांच्या तोंडातून लाळ बटणांवर ठिबकत होती. समोरच्या टेबलावरच्या बायकांनी मान फिरवली. उज्ज्वलची बायको प्रियदर्शिनी उठली आणि सगळ्यांसमोर त्यांची हनुवटी पुसत उभी राहिली. ते थांबले नाहीत.

दादाराव अकोल्याला परतले आणि वर्षभरात कॅन्सरची गाठ गळ्यात उतरली. ऑफिसातून रजा मिळून उज्ज्वल अकोल्याला पोचला, तेव्हा राख सावडून झाली होती.

परतल्यावर बरेच शुक्रवार तो घरीच बसला. शेवटी प्रियदर्शिनीनेच त्याला बाहेर काढलं. बँड तीच चाल वाजवत होता, दुप्पट वेगात, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

“अंकल परत कधी येणार?” वीने विचारलं.

उज्ज्वलने सांगितलं. वीचे हात तारांवरून खाली आले. “नको असेल तर ही चाल सोडून देतो आम्ही.”

“वाजवा,” उज्ज्वल म्हणाला.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दादारावांशिवायही चाल सुंदर झाली होती. पाय आपोआप ठेका धरत होता, आणि उज्ज्वलला स्वतःची शरम वाटत होती.