न्हाणीचा पडदा

आमची धाकटी काकी ताटातली भाकरी उचलून दुसऱ्याला देईल, पण न्हाणीच्या पडद्याला कुणाचं नख लागलेलं तिला खपत नसे. उंब्रजच्या बाजूचं आमचं गाव, सत्तर-एकाहत्तरचा सुमार. प्लॅस्टिकचा पडदा असलेली न्हाणी गावात एवढी एकच. लोक तिला पडदाकाकी म्हणायचे आणि तिला ते पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

मुळात आमच्या न्हाणीला दार नव्हतं. बाया उजाडायच्या आत अंघोळी उरकायच्या. दाराचं नाव काढलं की आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणायचे की दार लावलं तर बाया आत झोपा काढतील. काका फौजेत होता. काकीनं त्याच्याकडं फक्त आडोसा मागितला आणि त्यानं रजेवर येताना हा निळ्या फुलांचा पडदा आणला. जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्यांत ओवून काकीनं तो बांबूवर टांगला. आबांनी लांबूनच बघून निकाल दिला, "दिवाळीपतोर टिकला, तर दार करतो."

काकी जतची. तिकडं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं, त्यामुळं वस्तू पुरवून वापरायची सवय तिच्या हाडात होती. अंघोळ झाली की पडदा झटकून पुरता पसरायचा, कारण चुणीत ओल राहिली की बुरशी धरते. बंबातलं कढत पाणी त्याच्यावर उडवायचं नाही. धुवायचा तो गार पाण्यानं आणि मऊ फडक्यानं. साबणाचा पांढरा थर बसलाच तर लिंबाची साल चोळायची. पिळायचा नाही आणि वाळवायचा सावलीतच. कुणी घासणी हातात घेतली की ती माहेरच्या कानडीत "ब्याड, ब्याड" करत धावायची. कानडीत नकोला ब्याड म्हणतात हे आम्ही पोरं तिथंच शिकलो. एकदा माझी आई वैतागून म्हणाली, एवढी सेवा नवऱ्याची केली असतीस तर! काकी शांतपणे म्हणाली, "त्यांस्नी सरकार सांभाळतंय, अक्का. ह्याला कोन हाय?"

दिवाळीच्या तोंडावर अंगणात शेंगा वाळत होत्या आणि पाऊस आला. झाकायला काही मिळेना म्हणून आबा थेट न्हाणीकडं निघाले. काकी त्यांच्या आधी आत पोचली होती. पडद्याआडून आवाज आला, "मामंजी, मी आत हाय." आबा जागच्या जागी पाठमोरे झाले. सून अंघोळीला बसलेली, पुढं पाऊल टाकणार कसं? शेंगांवर आम्ही घोंगडी टाकली, पोती टाकली, शेवटी आबांचं धोतरसुद्धा टाकलं. पाऊस थांबल्यावर काकी बाहेर आली ती नखशिखांत कोरडी. आबांनी तिच्याकडं बघितलं, स्वतःच्या निथळत्या पटक्याकडं बघितलं आणि तो पिळत सोप्यात गेले.

दिवाळीला त्यांनी पडदा उजेडात धरून भोक शोधलं. सापडलं नाही. पाडवा झाल्यावर सुतार आला आणि बाभळीचं दार बसलं. पडदा काकीनं काठीला गुंडाळून माळ्यावर ठेवला. घडी घातली की चिरतो म्हणे.

पुढं काही वर्षांनी आबांचं एक अंग लुळं पडलं. काका तोवर पेन्शनीवर आला होता, तो सोप्यातच बाजेवर त्यांचं अंग धुवायचा. आबा डोळे गच्च मिटून घ्यायचे. काकीनं कुणाला न विचारता बाजेभोवती पडदा बांधला. मग घरात कुणी नसलं तरी आबा आधी पडदा मागायचे. एकदा आतूनच म्हणाले, "पोरी, दारापायी लय वाट बघाय लावली म्या तुला."

"लावलं न्हवं दार? मग झालं," काकी म्हणाली.

आबा गेले तेव्हा शेवटच्या अंघोळीसाठी त्यांना अंगणात आणलं. सगळं गाव जमलेलं. काकी पडदा घेऊन आली. भावकीतले म्हातारे म्हणाले, मेल्या माणसाला कसला आलाय आडोसा? काकी जागची हलली नाही. "त्यांस्नी चालायचं न्हाई," एवढंच म्हणाली. काकानं एक टोक धरलं, माझ्या वडलांनी दुसरं.

आबांना नेल्यावर तिनं तो पडदा गार पाण्यानं धुतला, चुणी न् चुणी हातानं सारखी करत सावलीला पसरला आणि मग उंबऱ्यात बसून मोठ्यानं रडली.