गोळी गिळणाऱ्याचे आभार

आमच्या सिस्टर रोग्याचे आभार मानायच्या. टीबीचा माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांच्यासमोर गोळ्या गिळायचा. शेवटची गोळी घशाखाली गेली की त्या हात जोडून म्हणायच्या, "थँक्यू हां. आज तू माझं काम केलंस." तोंड कडू झालेला तो माणूस गोंधळून बघत राहायचा. मी २०१४ साली तिथं नर्स म्हणून लागले तेव्हा मला हा प्रकार नाटकी वाटला. तसं मी बोललेही. त्या म्हणाल्या, "माझ्या पोटात जातात का त्या? त्याच्या जातात. मग थँक्यू कोणाला म्हणू, गोळ्यांच्या खोक्याला?"

तलासरीहून आत, हायवे सोडून दोन मैलांवर मिशनचा तीन खोल्यांचा दवाखाना होता. मी डहाणूची, घरी चिकूची वाडी. सून मिशनच्या दवाखान्यात जाते हे सासूबाईंना फारसं पसंत नव्हतं, पण महिन्याच्या महिन्याला पगार येत होता म्हणून त्या गप्प होत्या. सिस्टर म्हणजे मिशनच्या नन, झारखंडच्या, उरांव आदिवासी. वीस वर्षं मराठी बोलूनही त्यांचं मराठी हिंदीच्या वळणावर जायचं. पाड्यावरच्या बायकांना मात्र त्या परक्या वाटत नसत. आवणीच्या दिवसांत साडी खोचून त्या सरळ चिखलात उतरायच्या, चार ओळी भात लावून द्यायच्या आणि वाकल्या वाकल्याच विचारायच्या, "घरात कोण खोकतं? किती दिवसांपासून?"

एकदा आठवडी बाजारात एका पुढाऱ्यानं त्यांना सगळ्यांसमोर अडवलं. "लोकांचा धर्म बदलायला फिरता ना पाड्यापाड्यावर?" सिस्टर वांगी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, सहा महिने गोळ्या घ्यायला लावता लावता माझा जीव जातो. धर्म कधी बदलू? तुमच्या ओळखीचं कोणी खोकत असेल तर सांगा." भाजीवाली हसली. तोही हसला, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या मेव्हण्याला घेऊन आला.

त्या थकलेल्या असत, हे सांगायला हवं. धर्मकार्य करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सतत तेज असतं असं लिहिण्याची पद्धत आहे. सिस्टरचे गुडघे सुजलेले असत आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांना डुलकी लागे. मी एकदा विचारलं, "थकलात का?" "थकले," त्या म्हणाल्या. "उद्या पण थकणार आहे. तू चहा टाक."

जान्यानं त्यांना सर्वांत जास्त थकवलं. तो आमच्या पलीकडच्या पाड्यावरचा, तिशीतला. आमच्याकडचे पुष्कळ पुरुष खलाशी म्हणून गुजरातच्या मासेमारी बोटींवर जातात, तसा तोही जाई. २०१५च्या जूनमध्ये त्याच्या थुंकीत जंतू सापडले. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढलं आणि बोटीचं बोलावणं आलं. सिस्टरनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. नाही थांबला तेव्हा त्यांनी उरलेल्या गोळ्यांचा त्याच्या नावाचा खोका सोबत दिला आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाला फोनवर बजावलं, "रोज नाही, एक दिवसाआड. तुमच्यासमोर गिळू द्या."

दिवाळीआधीच जान्या परत आला. हाडं मोजून घ्यावीत असा. खोका रिकामा होता.

"इतक्या लवकर कशा संपल्या?" मी विचारलं.

"बोटीवर दोघं खोकत व्हते, बाय. मी एकलाच कसा खाऊ?"

पाड्यावर एकाच्या घरी खेकडे आले की चार घरांत जातात. गोळ्याही त्यानं तशाच तिघांत वाटून खाल्ल्या होत्या. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सिस्टरनी रिकामा खोका हातात घेतला. त्या म्हणाल्या, "चूक माझी. खोका त्याच्या एकट्याचा आहे, हे मी सांगितलंच नाही. मला वाटलं, त्यात सांगायचं काय?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी आठ महिने, आणि पहिले दोन महिने इंजेक्शनंही. त्याला दवाखान्यापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून सिस्टर एक दिवसाआड ओढा ओलांडून त्याच्या पाड्यावर जात. इंजेक्शनानं त्याचं डोकं गरगरे, गोळ्यांनी उलटी होई. उलटी झाली की त्या तासभर ओट्यावर बसून राहत आणि पुन्हा गोळ्या देत. तो तोंड फिरवून म्हणे, "मरू दे ना माना, सिस्टरबाय." त्या म्हणत, "मर. पण आजची घेऊन मर." त्याची बायको जिवी हसू दाबत पाणी आणायला जाई. परत निघताना सिस्टरचे हात नेहमीसारखे जोडलेले.

मे महिन्यात सिस्टरना बदलीचं पत्र आलं. त्यांच्यात तशीच पद्धत आहे, पत्र येतं आणि एक बॅग घेऊन निघायचं. जान्याचे अजून दोन महिने शिल्लक होते. मला राग आला. "मागून घ्या की दोन महिने. देतील."

"देतील," त्या म्हणाल्या. "मग जुलैमध्ये दुसरा कोणी असेल. त्याच्यासाठी पण मागू?" बॅगेची चेन अडकली होती, ती ओढत त्या पुढे म्हणाल्या, "तू आहेस ना, सुनंदा."

ही जबाबदारी मी मागितलेली नव्हती. तरी जाऊ लागले. मी सिस्टरइतकी गोड नाही. जान्या कुरकुरला की मी घड्याळ दाखवायची, माझी डहाणूची गाडी चुकते म्हणून. चुकलेले डोस धरून कोर्स ऑगस्टपर्यंत लांबला, आणि बारा डोस उरले असताना बोटीवर नेणारा माणूस जीप घेऊन दारात उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "घेऊन जा. महिन्याभरात तुम्हीच उचलून परत आणाल, तेव्हा मी इथंच असेन." तो जान्याकडे बघू लागला. जान्या पिशवी शोधत होता.

"नाय सापडायची," जिवी आतून म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्यात लपवलीय."

जीप त्याला न घेता गेली.

शेवटच्या तपासणीत जान्याच्या थुंकीत जंतू नव्हते. दवाखान्याच्या दारातून मी सिस्टरना फोन लावला. त्या तेव्हा नंदुरबारकडे होत्या. "जान्या सुटला," मी सांगितलं. "उद्या बोटीवर जातोय."

"प्रभूची कृपा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "आणि ते दोघं?"

"कोण दोघं?"

"त्यानं गोळ्या दिल्या ते. तेव्हा समुद्रावर होते. मेअखेर हंगाम संपला की घरी येणार होते ना?"

मी खरं सांगते, मला त्यांची एकदाही आठवण झाली नव्हती. एक काम संपलं, आता चार दिवस वेळेवर घरी जाता येईल, एवढंच डोक्यात होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला कळवते म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जान्या अजून पायरीवरच होता. फोन कानाला तसाच ठेवून मी त्याला विचारलं, "बोटीवर खोकत होते ते दोघं कुठले रे?"

"एक अच्छाडकडचा. दुसऱ्याचा पाडा पार डोंगराखाली, बाय. गाडी नाय जात तिथं."

सिस्टरनी ते पलीकडून ऐकलं.

"चप्पल चांगली घाल," त्या म्हणाल्या.