सोजराबाईंच्या बांबूच्या सुया

कळमनुरीच्या सोजराबाईंनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून तीस वर्षं काढली. गल्लीतल्या कितीतरी लेकरांची पहिली टोपी त्यांच्याच हातची. जाड लोकर, नऊ नंबरच्या सुया, आणि न बघता चालणारा हात.

मागच्या हिवाळ्यात त्यांची लेक करुणा नांदेडहून आली. ती तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं पिशवीतून बारीक, मऊ लोकरीचे दोन गुंडे काढले.

"माय, दिवस भरायच्या आत झालेल्या लेकरांना टोप्या पाहिजेत. जाड लोकर टोचते त्यांना."

सोजराबाई लगेच बसल्या. पण नऊ नंबरवर टोपी झाली ती चाळणीसारखी. मग बाजारातून बारा नंबरच्या स्टीलच्या सुया आणल्या. नंबर मोठा तशी सुई बारीक. वीण दाट आली, पण गुळगुळीत सुईवरून टाके निसटायला लागले. टोक एवढं अणकुचीदार की धागाच चिरायचा. तीनदा उसवून त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"काहून ठेवलं?" नवरा जळबा यांनी विचारलं. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस.

"सुईवर टाकाच थांबून न्हाई राहिला."

जळबांनी बांबूची कामटी आणली. स्टीलच्या सुईनं पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि त्यातून बराबर जाईल इतकी ती काचेच्या तुकड्यानं तासली. पहिली सुई कडकन मोडली. दुसऱ्या खेपेला सोजराबाई जवळच बसल्या.

"टोक लई टोचरं नका करू. अन् बोथटबी नको, टाक्यात शिरत न्हाई."

पॉलिश पेपर झाला, खोबरेल तेल झालं. सोजराबाईंनी सुई आपल्या नायलॉनच्या साडीवरून फिरवली. एका जागी साडीचा धागा अडकला. जळबांनी ती जागा पुन्हा घासली, मग तशीच जोडीची दुसरी सुई केली.

या सुयांवर टाके जागच्या जागी बसले. दोन दिवसांत संत्र्याला बसेल एवढी टोपी तयार झाली आणि नांदेडला करुणाकडे गेली.

आठवड्यानं करुणाचा व्हिडिओ कॉल आला. पिवळ्या टोपीतलं इवलंसं लेकरू शांत झोपलं होतं.

"टोचून तर न्हाई राहिली ना त्याला?" सोजराबाईंनी विचारलं.

"न्हाई माय. आता अजून दहा पाहिजेत."

"दहा!" म्हणत त्या हसल्या आणि शेजारच्या चांगुणाला हाताखाली घ्यायला हाक मारली. जळबा तोवर दुसरी कामटी शोधायला निघालेसुद्धा होते.