मळक्या लोखंडातलं वारं

राखेत बोट घालून ती पुरेशी गरम आहे की नाही हे सांगणाऱ्या माणसाला मी अडाणी म्हणालो होतो. तेही सगळ्यांसमोर. त्या दिवसांचा माझा राग इतक्या वर्षांनीही उतरत नाही, आणि निम्म्याहून जास्त राग माझ्यावरच आहे.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून डिप्लोमा घेऊन मी भोरच्या एका छोट्या कारखान्यात लागलो. विहिरीचा गाळ उपसणाऱ्या यारीला बादली टांगायचे लोखंडी आकडे तिथं बनत. ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे तापवून वाकवायचे, कडक व्हावेत म्हणून पाणी द्यायचं, तेजाबात बुडवून वरचा पापुद्रा काढायचा आणि रंग मारायचा. भट्टीवर वेल्ह्याकडचे एक वयस्कर लोहार होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. तेजाबातून काढलेले आकडे ते चार दिवस गरम राखेत पुरून ठेवत.

“तेजाबानं लोखंडात वारं भरतं, साहेब. चोख लोखंड ते लगीच सोडतं, मळकं धरून बसतं. आन् आपलं भंगार लई मळकं.”

वारं म्हणजे हायड्रोजन, आणि तो आत राहिला तर पोलाद ठिसूळ होतं, एवढं मला कळत होतं. पण माझ्या पुस्तकात एक दिवस पुरे असं होतं. ते पुस्तक शुद्ध लोखंडाबद्दल बोलत होतं, हे मी पाहिलंच नाही. मालकाला माल लवकर हवा होता. “या अडाणी माणसाची पद्धत बंद,” मी सगळ्यांसमोर म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी आकडे राखेतून काढायला लावले.

किकवीच्या एका विहिरीवर त्यातला एक आकडा तिसऱ्या दिवशी काच फुटावी तसा तुटला. गाळाने भरलेली बादली खाली उभ्या माणसावर पडली. त्याचा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला.

मालक तावातावाने भट्टीपाशी आला. “काय रे, आकडा कच्चा कसा राहिला?” बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे! मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिलो.

“भट्टी माजी हाय,” ते म्हणाले.

मालकाने त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. आणि त्या निलाजऱ्याने चार दिवस राखेत ठेवायची पद्धत मात्र गुपचूप परत सुरू केली. मी तिथंच नोकरी करत राहिलो.

पुढे एका जाड पुस्तकात वाचलं, की पोलादात गंधकासारखी मळी असली तर हायड्रोजन तिथं अडकतो आणि बाहेर पडायला फार वेळ घेतो. पुस्तक काखोटीला मारून मी एसटीने वेल्ह्याला गेलो. मामा अंगणात खुरप्याला धार लावत होते.

“मामा, तुमचंच खरं होतं.”

त्यांनी पुस्तकाकडे बघितलंही नाही.

“लोखंडाचं मला ठावं व्हतं. तुमी तवा गप का ऱ्हायला, ते लिवलंय का त्यात?”