माडीवरचा मुलाखतकार

परभणी जिल्ह्यातल्या सगळ्या माणसांनी मिळून वर्षभरात जेवढं बोलावं, तेवढं आपल्या माडीवर राहणारा विनोदवीर एका दुपारी बोलायचा. मुलांनो, आजोबा आता थोडं बोलतात हे बाबांकडून कळल्यावर तुम्ही विचारलंत, कोणत्या डॉक्टरांनी बरं केलं? डॉक्टरांचे आभार आहेतच. पण खरी हकिगत या माणसाची आहे, म्हणून तुमची आजी ती नीट लिहून पाठवते.

हा माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावरून माझी नक्कल मलाच ऐकू येईल इतक्या मोठ्याने करायचा. पुढे गावोगावच्या गॅदरिंगांत लोकांना हसवत फिरला आणि मग सेलूत, आपल्या माडीवर बसून नामवंतांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट करू लागला. पाहुणे खरोखरचे असायचे. कोणी मोठं माणूस नांदेडचा कार्यक्रम करून परत निघालं, की हा देवगाव फाट्यावर जाऊन उभा राहायचा आणि त्यांची गाडी चहाला थांबली रे थांबली, की हात जोडून तिला सेलूकडे वळवायचा. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारही भिंतींना गल्लीभरच्या वाकळी टांगलेल्या. एक प्रसिद्ध नायिका ज्या पिवळ्या वाकळीपुढे बसून अभिनयावर बोलली, त्या वाकळीवर तुम्ही दोघांनी लहानपणी काय काय केलं आहे, ते मी इथे लिहीत नाही. पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. ती बिचारी इतकी निथळली की व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटलं, आठवणींनी डोळे भरून आले.

खोड एकच. प्रश्न विचारायचा याने, आणि उत्तरही यानेच द्यायचं. "तुमचं बालपण कसं गेलं? कष्टातच गेलं असंल, न्हाई का? आमचं बी तसंच बघा," म्हणायचा आणि पाऊण तास स्वतःचं बालपण सांगायचा. एक गायिका शेवटी म्हणाली, "मी गाडीत जाऊन बसू का? तुमचं छान चाललंय." ऐकणारे हळूहळू कमी होत चालले होते.

अर्थात त्याला नावं ठेवायचा मला काय हक्क? तुमचे आजोबा मोंढ्यात कापसाचा लिलाव पुकारायचे. आवाज स्टेशनापर्यंत जायचा. अर्धांगाचा झटका आल्यानंतर आठ महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. कळत सगळं होतं. डॉक्टर बजावत होते, त्यांना बोलतं करा, नाहीतर ते प्रयत्नच सोडून देतील. पण त्यांचे ओठ हलायच्या आधीच मी विचारायची, "पाणी? चादर? बातम्या लावू?" ते मान हलवायचे. घरातली कामं वेळच्या वेळी होत होती. आजोबा मात्र ओठसुद्धा कमी कमी हलवू लागले होते.

एका सकाळी नवा माइक घेऊन हा खाली आला. "बाई, काकांचा आवाज तपासायला द्या. माझा मी तपासला तर मला तो लय भारीच वाटायलाय."

मी भडकले. "आजारी माणसाची थट्टा करतोस?"

"थट्टा करायची असती तर तुमची केली असती की, बाई!" असं म्हणून तो आजोबांपुढे बसला, कानांना हेडफोन लावला आणि थाटात पुकारलं, "आज आपल्यासोबत हायत मोंढ्याचे बादशहा! काका, सकाळी नाश्त्याला काय होतं?"

आजोबांचे ओठ हलले. मी दारातूनच म्हणाले, "उपमा!"

हा दचकला. "बाई, तुमचाच आवाज यायलाय! मला काकांचा पाहिजे. गप बसा जरा."

पाहुण्याच्या आवाजाचं माप घेताना विचारणाऱ्यानेही तोंड उघडायचं नसतं, असा त्या कामाचा नियम आहे. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा तोसुद्धा गप्प बसला. मी पदर तोंडाशी धरला. बाहेरून भाजीवाली ओरडत गेली. आजोबांच्या कपाळावरची शीर फुगली. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग आलं, "उप... मा." मी पुढे धावणार, तोच आणखी एक शब्द आला, "खा... रट."

आठ महिन्यांनी नवरा बोलला, आणि त्याने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. याने माइक किंचित जवळ सरकवला आणि हलकेच म्हणाला, "आवाज मस्त हाय, काका. आणखी एकदा."

त्यानंतर रोज सकाळी त्याचा माइक बिघडायचा आणि तपासायला काकाच लागायचे. थांबायची ही सवय त्याच्या मुलाखतींनाही लागली. पाहुणे बोलू लागले, ऐकणारे वाढले, आणि गेल्या महिन्यात त्याला पुण्याहून बोलावणं आलं. निघताना तो आजोबांच्या पाया पडला. आजोबा काहीतरी सांगू लागले. दारात रिक्षावाला भोंगा वाजवत होता, गाडीची वेळ होत आली होती, पण हा वाकूनच उभा राहिला.

"पुण्यात... जरा... कमी बोल."

तो हसला, डोळे पुसले, आणि खरंच काही न बोलता रिक्षात बसला.

आता माडी रिकामी आहे. दुपारी पंखा लावला की त्याचीच तेवढी घरघर ऐकू येते. रविवारी तुम्ही फोन कराल, तेव्हा आजोबा स्वतः तो उचलणार आहेत. रोज दुपारी ते तुमची दोघांची नावं म्हणून बघतात. जोडाक्षरांपाशी अडतात. मी शेजारीच असेन, पण मी सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका. फोन कानाला धरून ठेवा.