भेडाघाट राहिला, पण गोधडीला लाटांची किनार लागली

जबलपूरला मी भेडाघाट बघायला निघालो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे संगमरवरी खडकांच्या फोटोंसाठी कुणी खालपर्यंत जाणार नाही. फोटो नाहीत. मी तिथे पोचलोच नाही.

झालं असं, की बॅग भरत होतो आणि आईने एक पिशवी पुढे केली. "जाऊनच राहिला तं खमरियाले सुमनकडे हे दे. एक रात्र राह्य. रविवारी त्याइचा ट्रक हाय, सामान बांधू लाग." सुमनमावशी म्हणजे आईची मावसबहीण. काका जबलपूरजवळच्या खमरियाच्या फॅक्टरीत फिटर होते, नुकतेच रिटायर झाले. इतकी वर्षं राहिलेलं क्वार्टर सोडून दोघं नागपूरला मुलाकडे येणार होते. एका रात्रीने काय बिघडतं, असं म्हणत मी गुरुवारी सकाळी बस धरली.

नागपूर-जबलपूर रस्ता झकास आहे. पेंचच्या जंगलातून जाताना दोन्ही बाजूंना उंच भिंती लागतात, जनावरांना गाड्यांचा आवाज जाऊ नये म्हणून. तेव्हा खिडकीतून वाघ दिसेल ही आशा सोडा. सात तास धरा, तिकीट साडेचारशेच्या आसपास. लखनादौनच्या ढाब्यावर शेव-टमाटर आणि गरम रोटी खा, पनीरच्या फंदात पडू नका. जबलपूरच्या बसस्टँडवरून खमरियाला सरळ ऑटो करू नका, महाग पडते. रांझीपर्यंत शेअर ऑटो, तिथून दुसरी.

मावशीच्या घरात निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. फेब्रुवारीची थंडी होती म्हणून तिने माझ्यासाठी एक गोधडी काढली, आणि मी ती पांघरायची सोडून बघतच बसलो. चारी काठ सरळ नव्हते. लाटांसारखे वळत होते. फुगीर, मग आत, मग परत फुगीर, आणि त्या वळणांबरोबर लाल पट्टी अशी फिरलेली, की कुठे चुणी नाही, कुठे जोड दिसत नाही. मी आजवर राजस्थानात, कच्छमध्ये बरंच भरतकाम पाहिलंय (पाहिलंय म्हणजे दुकानांसमोरून गेलोय), पण असा काठ नाही.

"हे तुम्ही केलं?"

"नाही तं काय फॅक्टरीनं केलं?" मावशी म्हणाली.

मग कळलं, की त्यांच्या क्वार्टरांच्या ओळीत एक रीत आहे. कुणी बदलीवर किंवा रिटायर होऊन क्वार्टर सोडलं, की ओळीतल्या प्रत्येक घरातून जुनं कापड जमा होतं आणि जाणाऱ्याला गोधडी मिळते. तुकडे सगळ्या मिळून जोडतात. किनार फक्त मावशीची. पहिली गोधडी केरळला परत जाणाऱ्या एका नर्सबाईसाठी झाली. "ते म्हणे, मले नर्मदेची लय आठवण येईन. आता नर्मदा कुठून देऊ? मंग काठालेच लाटा काढल्या." त्यानंतर ओळीतून गेलेली प्रत्येक गोधडी लाटा घेऊनच गेली.

"मग आता तुमची कोण करणार?"

"माही?" मावशी हसली. "साडी देतीन एखादी. मले काय कमी हाय?" पण हातातली गोधडी तिने तीनदा घडी केली आणि तीनदा उलगडली.

शुक्रवारी सकाळी मी पोहे-जिलबीच्या शोधात बाहेर पडलो. दोन घरं सोडून एका दारातून हात आला आणि मला आत ओढलं.

"तुम सुमन मौसी के भांजे हो ना? बैठो. किसी को बताना मत." या गीता भाभी. मावशीच्या सगळ्यात जवळच्या. खाटेवर एक मोठी गोधडी पसरलेली होती. मावशीसाठीच. मधलं सगळं काम तयार, सुंदर. आणि एका बाजूला लाटा काढायचा जो प्रयत्न झाला होता, तो बघून मी हसलो, ही चूक झाली. पट्टी जागोजागी गोळा झाली होती, काठ वाटीसारखा वर वळला होता.

"हँस लो," भाभी म्हणाल्या. "समोसे की किनारी लग रही है, मालूम है हमको. इतने साल मौसी बनाती रहीं, हम बगल में बैठ के मटर छीलते रहे. किसी ने सीखा नहीं. अब जिसकी कथरी है, उसी से कैसे पूछें? तुम पूछ के आओ."

आता मला दहावीला दोनदा बसावं लागलंय, हे भाभींना माहीत नव्हतं. मी हो म्हणालो. रविवारी सकाळी दहाला ट्रक होता.

मावशीला सांगितलं, ब्लॉगवर लिहायचंय, जरा दाखवा. तिने सामान बांधायचं सोडलं आणि एक जुनी चादर ओढली. तुम्हीही नीट वाचा, ही माहिती दुसरीकडे मिळेल असं मला वाटत नाही.

आधी काठाच्या लांबीचा कागद घ्यायचा आणि घड्या घालायच्या, म्हणजे लाटा सारख्या बसतात. कोपऱ्यावर नेहमी लाटेचं पोट आलं पाहिजे, खळगा नाही. वळण ताटलीच्या कडेने आखायचं. आखलं की लगेच कापायचं नाही! आधी रेघेवर धावदोरा घालायचा, नाहीतर कापड ताणतं. पट्टी सरळ कापलेली चालत नाही, उरेब लागते, म्हणजे कापडावर तिरपी कापलेली, तीच वळते. फुगवट्यावर पट्टी थोडी सैल सोडायची. खळग्यात काठ हाताने सरळ करून शिवायचा.

"वढू नको!" मावशी माझ्या हातावर चापट मारून म्हणाली. "काहून वढून राहिला? पट्टी आपल्या मनानं फिरते. तू फक्त तिच्यासंग जा."

तासाभरात माझी एक लाट बसली. एक. मला इतका आनंद कुठल्या किल्ल्यावर चढून झाला नव्हता. सरळ रेघेत मापता येणारं कापड हाताखाली पाण्यासारखं वळतं, आणि ते वळवणारी बाई तेवढ्यात कुकरची शिट्टीही मोजते.

भाभींना मी सगळं सांगितलं. फक्त ताटली मावशीकडची होती, ती काही मागता येईना. "उद्या बाजारातून पट्टीचं कापड आणतो, तेव्हा तसलीच ताटलीही आणतो आणि कागद मीच घडी करून देतो," असं म्हणालो.

शनिवारी सकाळी कमानिया गेटला गेलो. लाल सुती कापड अर्ध्या तासात मिळालं, ताटलीही. तिथे खव्याची जिलबी मिळते, काळपट, जाडजूड, पाकात बुडालेली. नक्की खा, पण दोनच्या वर नाही. मी चार खाल्ल्या. ओळीतल्या एका घरचा पोरगा कॉलेजहून घरी चालला होता, कापड त्याच्या हाती पाठवलं आणि ताटली पिशवीत ठेवून विचार केला, एवढ्यात मदन महलचा किल्ला बघून येऊ. किल्ला छोटा आहे, वारा सुरेख आहे. खाली एक मोठा दगड दुसऱ्या दगडावर जेमतेम टेकून उभा आहे. मी तिथे बसलो आणि बसूनच राहिलो. माझं हे असंच होतं.

खमरियाला परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भाभींच्या खोलीत गोधडीच्या चारी बाजूंना चौघी बसल्या होत्या, आणि चौघींनी आखून, शिवून, कापूनसुद्धा टाकलं होतं. माझी वाट बघून कंटाळल्या, आणि प्रत्येकीने आपापल्या घरून जे गोल सापडलं ते आणलं. भाभींची थाळी. रेखाताईंची ताटली. समोरच्या आंटींच्या कढईचं झाकण. आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेची, पिंकीची, इवलीशी वाटी. चार बाजूंना चार मापांच्या लाटा. कागद कुणी घडी केला नव्हता, त्यामुळे कोपऱ्यांवर लाट अर्धवट तुटून टोक झालं होतं आणि पट्टीचा गोळा बसला होता.

मी पिशवीतली ताटली बाहेर काढली नाही.

"अच्छी नहीं बनी?" पिंकीने विचारलं. चूक माझी होती.

रविवारी ट्रक नऊलाच आला. सामान चढलं. ओळीतले सगळे बाहेर उभे होते, आणि भाभींनी घडी पुढे केली. मावशीने ती उलगडली, तिथेच एका खोक्यावर बसली. पहिल्यांदा उलटी करून मागची बाजू पाहिली. मग काठावरून बोट फिरवत चारी बाजू गेली.

"हे गीताची थाळी," ती म्हणाली. "जे पोह्याले काढते. हे रेखाची ताटली. हे झाकण, ज्याची मूठ तुटेल हाय." आंटी हसल्या. "आन् हे एवढं बारीक कोणाचं?"

"मेरी कटोरी, मौसी. मुन्नी के दाल-चावल की."

मावशीने त्या बारक्या लाटांवर हात ठेवला. मग म्हणाली, "कोपरे खराब हायेत. कातर द्या."

आणि तिने कोपरा उसवायला घेतला. भाभींचा चेहरा उतरला, डोळे भरले.

"काहून रडून राहिली? बस इथं." वळण आखायला काही हवं होतं, आणि घरातलं सगळं ट्रकमध्ये. मावशीने काकांच्या हातातली बशी ओढली, भाभींच्याच घरून आलेल्या चहाची. उरलेला चहा फेकला, पदराने बशी पुसली, कोपऱ्यावर ठेवली. टोक गोल झालं. पट्टी सैल सोडत तिने तो कोपरा शिवला, सगळ्यांना दिसेल असा. दुसऱ्या कोपऱ्याला सुई भाभींच्या हातात दिली.

"अम्मा, देर हो रही है," ड्रायव्हर म्हणाला.

"तू चाय पी, भैया. यह बाईस साल से मटर छील रही है. दस मिनट और सही."

भाभींनी शिवलं. ओढलं, चापट खाल्ली, उसवलं, परत शिवलं. पट्टी फिरली. मागे पिंकी मान लांब करून बघत होती.

"और दो कोने?" भाभींनी विचारलं.

मावशीने गोधडीची घडी घातली. "ते राहू दे. नागपूरले येजो, तवा करजो."

मी त्याच ट्रकमधून परतलो, भेडाघाट उजवीकडे की डावीकडे तेही न बघता. तुम्हाला जायचं असेल तर शहरातून गाड्या मिळतात, तासाभराचा रस्ता आहे, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, असं ऐकलंय. मला विचाराल तर, वाटेत कुणी दारातून हात काढून आत ओढलं, तर आत जा. आणि कुणी तुमची वाट बघत असेल तर दगडापाशी बसू नका.

घरी आल्यावर बोटांना पडलेली सुईची भोकं आठवड्यात बुजली. मागच्या रविवारी मावशीच्या नव्या घरी गेलो होतो. गोधडी पलंगावर होती, दोन कोपरे गोल आणि दोन गाठाळलेले. मी म्हटलं, करून देऊ? आता येतं मला.

चापट मिळाली. "गीता येणार हाय. होळीनंतर."

चहा आला. कप सहा होते, बशा पाचच होत्या. सहावी, भाभींच्या घरची, कोपरा आखलेली, वरच्या फळीवर सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी होती. तिच्यात मावशी कुणाला चहा देत नाही.