शालिनीने मागे घेतलेला विनोद

शालिनी गेल्याची बातमी मला आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळली. त्या बातमीखाली आलेला तिसराच संदेश रमाकांतरावांचा होता. ‘आम्हाला घरातला वाघ ही पदवी देणाऱ्या लाडक्या ताई गेल्या. आता या वाघाला कोण आवरणार?’ पुढे जोडलेले हात, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं एक तोंड. बघता बघता त्याखाली आणखी हसणारी तोंडं जमा झाली. मी फोन उलटा करून ठेवला. चाळीस वर्षांची मैत्रीण गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगते, त्या क्षणी मला दुःखाआधी भीती वाटली. कारण त्या प्रश्नाचं उत्तर, कुणीच नाही, हे मला ठाऊक होतं आणि विचारणाऱ्यालाही.

हे सगळं कळायला आमची होळी कळायला हवी. ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी माणसांनी हिंदी मुलखात राहून ज्या गोष्टी आपल्याशा केल्या, त्यात होळीच्या पदव्या आल्या. फाल्गुनात मंडळाच्या सभागृहात एकेकाला मंचावर बोलवायचं, गळ्यात वांग्यांची नाहीतर कोबीच्या पानांची माळ घालायची आणि पुठ्ठ्यावर लिहिलेली थट्टेची पदवी जाहीर वाचायची. बुरा न मानो, म्हणजे राग आला तरी गिळायचा. पूर्वी पदव्या पुरुष लिहीत आणि त्या पडत बायकांच्या वाट्याला. सावळीला एक, जाडीला एक, मूल नसलेलीलासुद्धा एक. शालिनी मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल होती, छत्तिशीत बिनलग्नाची. एका वर्षी तिला पदवी मिळाली ‘शिल्लक माल’. मी शेजारी बसले होते, माझेच कान तापले. ती मात्र पदर खोचून मंचावर गेली, माळ नीट करून घेतली आणि म्हणाली, “माल शिल्लक राहिला, कारण गिऱ्हाइकं आली ती सगळी आईला विचारून सांगतो म्हणणारी.” सभागृह हसून कोसळलं. पुढच्या वर्षीपासून पदव्या लिहायचं काम तिच्याकडे आलं.

मग तिने वाराच फिरवला. दाल बाजारातून खोक्यांचे पुठ्ठे आणायचे, माझ्या जेवणाच्या टेबलावर ते कापायचे आणि लिहिता लिहिता मला वाचून दाखवायचे. मुलीला शिकवायला पैसा नाही, पण हुंड्यात गाडी द्यायला आहे, असा बाप तिने सोडला नाही. सुनेने चाकरी करावी आणि पगार सासूच्या हाती द्यावा, असं म्हणणारा सासराही सोडला नाही. लोक पोट धरून हसत. मी एकदा विचारलं, “अगं, याने कुणी सुधारतं का?” मी गणिताची शिक्षिका, मला उत्तर जुळलेलं बघायची सवय. ती म्हणाली, “हसताना माणूस तोंड उघडतो कुमुद. कडू औषध तेव्हाच आत जातं.” मला ते पटलं. आज वाटतं, पटायला नको होतं…

रमाकांतराव सरकारी इंजिनिअर, उमदे, बोलण्यात गोड. शहराच्या हजीरा भागात घर. ते बायकोवर हात टाकतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अरुणा वैशाखातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालायची आणि आम्ही तिला विचारायचो, ‘गरम नाही होत?’ इतकंच. शालिनीने त्या वर्षी पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘घरातला वाघ : साहेबांपुढे शेपूट, बायकोपुढे पंजा.’ आता हा माणूस चिडेल, निघून जाईल, निदान मान खाली घालेल, अशी आमची अटकळ होती. रमाकांतराव मंचावर आले, गळ्यातल्या वांग्यांतलं एक तोडून खाल्ल्यासारखं केलं आणि दोन्ही पंजे उगारून अशी डरकाळी फोडली की पोरंसोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडू लागली. तो पुठ्ठा त्यांनी काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. गावभर ते वाघसाहेब झाले.

चार-पाच महिन्यांनी अरुणा शालिनीकडे आली तेव्हा मी तिथेच होते. ती रडली नाही. म्हणाली, “ताई, तुम्ही माझ्यासाठीच लिहिलं, मला मालूम आहे. पण पहिले ते लपून होतं. त्यांनाही थोडी शरम होती. आता पाहुणे येतात, माझ्या गालाकडे बघतात आणि म्हणतात, काय वहिनी, वाघाने पंजा मारला वाटतं! सगळे हसतात. मग मलाही हसावं लागतं.” चहा तसाच ठेवून ती गेली. शालिनी तो कप उचलता उचलता म्हणाली, “मी त्याला लायसन लिहून दिलं गं.”

पुढच्या होळीला ती कागद न घेता मंचावर गेली. अरुणाचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, शालीखाली झाकलेला. शालिनी सरळ उभी राहिली आणि सपाट आवाजात म्हणाली, “आज पदवी नाही. रमाकांतराव बायकोला मारतात. हिचा हात त्यांनी मोडला आहे. ही न्हाणीघरात पडलेली नाही.” आणि सभागृह हसलं. कशाला म्हणून विचारू नका. शालिनी मंचावर उभी राहिली की हसायचं, ही सवय आम्हाला इतकी लागली होती की शब्द कानात शिरायच्या आधीच हसू बाहेर पडलं. ती म्हणाली, “मी थट्टा करत नाही,” तर त्यालाही टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “क्या बात है ताई!” रमाकांतरावांनी उठून सत्कार झाल्यासारखे चारी दिशांना हात जोडले. तिची जिवलग मैत्रीण म्हणवणारी मी, मीसुद्धा हसले होते. माझे दात उघडे असताना तिची नजर माझ्यावर आली. ती नजर मी विसरलेली नाही.

त्यानंतर तिने पदव्या सोडल्या. पोलिसांत जाऊ म्हणाली, तर अरुणाने हात धरले, “मुलगी बारावीला आहे ताई, आणि मला माहेर तर राहिलंच नाही.” तेव्हा शालिनीने एक साधी गोष्ट सुरू केली. रोज कॉलेज सुटलं की फूलबाग चौकातून सवारी टेम्पो पकडायचा, हजीऱ्याला उतरायचं आणि अरुणाच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचं. रमाकांतराव कचेरीतून येत, त्यांचा चहा होई, डोकं थंड होई, तोवर उठायचं नाही. परक्या माणसासमोर तो हात उचलत नाही, एवढाच तिचा हिशेब. तिला घालवून देणं म्हणजे गोष्ट कबूल करणं, हे तोही जाणून होता. म्हणून तो विनोद करायचा. तिच्यावर, अरुणावर, एकूण बायकांच्या जातीवर. आणि शालिनी हसायची नाही. नऊ वर्षं. निवृत्त झाल्यावरही तिने खाडा केला नाही. मला एकदाच म्हणाली, “विनोद चांगला असतो त्याचा, कुमुद. खरंच चांगला. माझ्याकडूनच शिकलाय ना… गाल आतून चावून धरावे लागतात.”

याने सगळं थांबलं असं मी लिहिणार नाही. रविवार तिच्या हातात नव्हता, सकाळही नव्हती. पण अरुणा म्हणते की संध्याकाळ तिची स्वतःची झाली होती. ती गेल्यावर मंडळाच्या चिटणिसांनी मला सांगितलं, ‘ताईंवर काही हलकंफुलकं लिहून द्या, होळी आलीच आहे, त्या असत्या तर त्यांनाही तेच आवडलं असतं.’ नसतं आवडलं.

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी फूलबागेहून टेम्पो घेतला. गुडघे कुरकुरत होते. अरुणाने दार उघडलं आणि काही न विचारता दाराजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बोट केलं. “बसून जा ताई. त्यांची आहे. दुसऱ्या कुणाला मी देत नाही.” खुर्चीची बैठक एका बाजूला खचली होती. बसले तशी मीही तिकडेच कलले. मग अरुणाने, शालिनीला देत असणार तशीच, मेथीची जुडी आणि ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली.

सहाच्या सुमारास फाटक वाजलं. रमाकांतराव दारात थबकले. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चेहराभर हसले.

“अरे वा! एक चौकीदार रिटायर झाली तर दुसरी ड्यूटीवर हजर! पण कुमुदताई, तुम्ही तर गणिताच्या. जरा हिशेब करून घ्या. शालिनीताई नऊ वर्षं बसल्या. एकाहत्तराव्या वर्षी बसायला लागल्यावर तुम्ही किती बसणार?”

आत भांड्यांचा आवाज थांबला. अरुणा कान देऊन उभी असणार.

विनोद चांगला होता. मला हसू येत होतं. मी गाल आतून चावून धरला आणि मेथी निवडत राहिले.